हात न टेकता उठण्यासाठी : साठीनंतरचा खुर्चीवरचा योग, पायरीपायरीने

वर्गात कुणी नवीन आलं की मी त्यांना खुर्चीवर बसवते, दोन मिनिटं बोलते आणि मग म्हणते, "जरा उठून खिडकीपाशी येता का?" त्या वेळी माझं लक्ष त्यांच्या हातांवर असतं. कुणी मांड्यांवर तळवे दाबून उठतात, कुणी खुर्चीची कड घट्ट धरतात, कुणी पुढे-मागे दोनदा झोका घेऊन तिसऱ्यांदा उठतात. काही जण आधी इकडेतिकडे बघतात, कुणाचा हात मिळतोय का म्हणून. त्यांचा सराव कुठून सुरू करायचा हे मी तिथेच ठरवते.

खुर्चीवरच्या योगाचा माझ्यापुरता हिशेब एकच आहे : काही महिन्यांनी खुर्चीतून उठणं सोपं झालं का? मान मोकळी झाली, झोप बरी लागली, मन शांत झालं, हे सगळं हवंच आहे. पण शौचालयातून स्वतःचं स्वतः उठता येणं, रात्री अंधारात तोल न जाता चार पावलं टाकता येणं, यावर म्हातारपणातलं स्वातंत्र्य उभं असतं. म्हणून या लेखात उठण्या-बसण्याला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

"आता जमिनीवर बसता येत नाही, म्हणून खुर्चीवर," असं अनेक जण मान खाली घालून सांगतात. त्यात ओशाळण्यासारखं काहीच नाही. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी खुर्ची, विटा, पट्टे, घोंगड्या यांचा आधार घेऊन आसनं शिकवली, आणि ती आजाऱ्यांइतकीच मुरलेल्या साधकांनाही शिकवली. आधार घेतला की शरीराची भीती कमी होते आणि आसनात जास्त वेळ, नीट थांबता येतं.

स्नायू का टिकवायचे

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. मांड्या आणि नितंब यांचे मोठे स्नायू त्यात लवकर मागे पडतात, कारण दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला त्यांची गरजच पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरण पावतात आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वाधिक असतात. याच संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल करावी, किमान २ दिवस स्नायूंना ताकदीचे व्यायाम द्यावेत आणि किमान ३ दिवस तोल व ताकद असा मिश्र सराव करावा.

हे स्पष्टच सांगते : खुर्चीवरचा योग शेवटच्या दोन गोष्टी चांगल्या करतो, पहिली फारशी करत नाही. चालता येत असेल तर चालणं सोडू नका.

खुर्ची निवडताना

चार पायांची, चाकं नसलेली, घट्ट बैठकीची, सरळ पाठीची खुर्ची घ्या. सोफा नको, घडी होऊन डुगडुगणारी नको, वजनाने वाकणारी हलकी प्लास्टिकची तर नकोच. हात नसलेली असेल तर बाजूला वळायला सोपं जातं, पण तोल फारच कमी असेल तर सुरुवातीला हातांची खुर्ची चालेल. बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटीमीटर, म्हणजे १७ इंच उंच असावी. खरी खूण ही की बसल्यावर तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांडी जमिनीला समांतर राहिली पाहिजे. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली जाड, न हलणारी पाटी ठेवा. उंच माणसाने बैठकीवर घट्ट घडी केलेली चादर घालावी.

आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. हे मी एका प्रसंगातून शिकले. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या काळात, गुळगुळीत फरशीवर एक काकू उठत असताना खुर्ची वीतभर मागे सरकली. त्या पुन्हा बसल्या ते बैठकीच्या अगदी कडेवर. लागलं नाही, पण त्यानंतर दोन आठवडे त्या उठायला घाबरत होत्या. ती भीती घालवायला लागलेला वेळ मला अजून आठवतो. तेव्हापासून भिंत आणि पायांखाली न सरकणारी मॅट या दोन गोष्टींशिवाय मी वर्ग सुरू करत नाही.

पाय अनवाणी ठेवा किंवा घट्ट तळव्याचे बूट घाला, पण नुसते मोजे घालू नका. जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्या. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र अगदी उपाशीपोटी करू नका.

आधी डॉक्टरांशी कुणी बोलायचं

हाडं ठिसूळ झाली आहेत किंवा मणक्याचं हाड दबलं आहे, खुब्याचा सांधा बदलला आहे, अलीकडे हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, काचबिंदू आहे, वारंवार चक्कर येते, अशांनी आधी विचारून घ्या. विचारताना "योग करू का?" असं मोघम विचारू नका. "कमरेतून पुढे वाकू का, पाठ वळवू का, हात वर नेऊ का?" असं एकेक विचारा, म्हणजे उत्तरही कामाचं मिळेल.

सराव करताना एक नियम : ओढ बसली तर चालेल, कळ आली तर थांबा. छातीत दुखणं, दम कोंडणं, गरगरणं, हाताला किंवा पायाला अचानक बधिरपणा येणं, यातलं काही झालं तर तिथेच थांबा आणि मदत बोलवा. "एवढं पूर्ण करून मग बघू" असं करू नका.

पहिली पायरी : नुसतं बसणं

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर या. तळवे वर करून दोन्ही हात नितंबांखाली सरकवा. टोकदार हाडं बोटांना लागतील, ती बसण्याची हाडं. हात काढून घ्या आणि वजन बरोबर त्या हाडांवर आणा. कंबर मागे ढेपाळली असेल तर पाठीला आपोआप पोक येतो, मग "ताठ बसा" म्हणून कितीही ओरडलं तरी उपयोग नसतो. ओटीपोटाचा भाग जरासा पुढे झुकवला की पाठ स्वतःहून उभी राहते.

पाय एकमेकांपासून खुब्यांच्या रुंदीइतके लांब ठेवा, गुडघे घोट्यांच्या बरोबर वर. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच असे पायाचे तीनही बिंदू टेकलेले असू द्या. आता नाकाने श्वास घ्या, मनात ४ मोजा. सोडताना ६ मोजा. असे आठ-दहा श्वास. हे मोजमाप जड वाटलं तर ३ आणि ४ करा, पण सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा. श्वास कुठेही रोखून धरू नका. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून पुढच्या प्रत्येक आसनात हेच लागू आहे.

दुसरी पायरी : पाय जागे करणं

टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला. असं सावकाश २० वेळा. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायांतलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून त्यांना दुसरं हृदय म्हणतात. बसून उठल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांनी सकाळी पलंगाच्या कडेला बसून हे करावं आणि मगच उभं राहावं. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत रक्तदाबाचा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ती डॉक्टरांना सांगण्याचीच गोष्ट आहे. पुष्कळदा औषधाची मात्रा बघावी लागते.

मग एक पाय थोडा उचलून घोटा दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवा. आणि शेवटी एक अवघड गोष्ट करून बघा : बाकीची बोटं जमिनीवर ठेवून फक्त अंगठा उचला. पहिल्या दिवशी बहुतेकांचा अंगठा हलतच नाही, किंवा पाचही बोटं एकदम वर येतात. माणसं वाकून आपल्याच पायाकडे टक लावून बघत बसतात. काही आठवड्यांत जमायला लागतं. तोल सावरण्यात हा अंगठा मोठं काम करतो, म्हणून कंटाळा करू नका.

तिसरी पायरी : पाठीचा कणा

मार्जारासन बसून. हात मांड्यांवर. श्वास घेत छाती पुढे-वर, खांदे मागे. श्वास सोडत पाठ हळूच गोल, नाभी आत. ६ ते ८ वेळा. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करायचा भाग गाळा. फक्त छाती उघडा आणि मूळ जागी या. त्यांना तेवढंच पुरतं आणि तेच हवंही असतं.

बाजूला झुकणं. डावा हात बैठकीच्या कडेवर टेकवा, उजवा हात श्वास घेत वर न्या, श्वास सोडत डावीकडे झुका. उजवं नितंब उचललं जाऊ देऊ नका. ३ श्वास थांबा, बाजू बदला. खांदा दुखत असेल तर हात वर न नेता डोक्यावर किंवा कमरेवर ठेवा.

पीळ, म्हणजे भारद्वाजासनाचं सोपं रूप. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर, डावा हात उजव्या मांडीवर. आधी श्वास घेत कणा लांब करा, मग सोडत वळा. वळण छातीतून येऊ द्या. हातांनी स्वतःला पिळून काढू नका. बरेच जण हाताने जोर लावून मान इतकी वळवतात की मागचं घड्याळ दिसावं. त्यातून कण्याला काहीच मिळत नाही. ठिसूळ हाडांच्या मंडळींनी अर्ध्यावरच थांबावं.

पुढे झुकताना खुब्यातून झुका, पाठ लांब ठेवून, हात मांड्यांवरून गुडघ्यांपर्यंत सरकवत. डोकं गुडघ्यांखाली सोडून लोंबकळणं काचबिंदू असलेल्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी टाळावं. खुबा बदललेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकू नये आणि पायावर पाय टाकू नये.

चौथी पायरी : खांदे आणि मान

ही पायरी सगळ्यांची आवडती आणि सोपी, म्हणून थोडक्यात. खांदे कानांकडे उचला, मागे फिरवा, सोडा, दहा वेळा. गरुडासनासारखे हात एकमेकांत गुंफा. न जमल्यास स्वतःला मिठी मारा, बोटं पाठीवर पोचवा, ५ श्वास. मान डावीकडे-उजवीकडे वळवा, कान खांद्याकडे झुकवा. पूर्ण गोल फिरवू नका आणि डोकं मागे टाकू नका. वाढत्या वयात त्याने चक्कर येऊ शकते.

पाचवी पायरी : बसूनच मांड्यांना काम

पाठ टेकवून बसा. एक पाय गुडघ्यातून सरळ करा, बोटं स्वतःकडे ओढा, मांडीचा वरचा स्नायू दगडासारखा आवळा. हाताने चाचपून बघा, घट्ट झाला का. ५ सेकंद धरा, ३ सेकंदांत खाली आणा. प्रत्येकी ८ ते १०. गुडघेदुखी असणाऱ्यांनी सगळ्यात आधी याच स्नायूकडे लक्ष द्यावं. गुडघ्याच्या वाटीला वर-खाली सांभाळून धरणारा तोच आहे. मग एकेक गुडघा उचलत बसल्या जागी एक-दोन मिनिटं चाला, हातही हलवा. मागे न कलता केलं तर पोटालाही काम मिळतं.

सहावी पायरी : उठणं आणि बसणं

आता मुख्य सराव. उत्कटासन म्हणतात ते हेच, फक्त खाली बैठक आहे.

पुढच्या कडेवर या. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे ओढून घ्या. बहुतेकांचं उठणं इथेच अडतं : पाय पुढे असले की शरीराचं वजन मागे राहतं आणि हातांना ते ओढावं लागतं. आता खुब्यातून पुढे झुका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. नितंब हलकं झालेलं जाणवेल. त्या क्षणी श्वास सोडत पायांनी जमीन खाली दाबा आणि उठा. गुडघे आत, एकमेकांकडे पडत असतील तर दोन्ही गुडघ्यांमध्ये मूठभर अंतर आहे असं मनात धरा. उभं राहिल्यावर पूर्ण ताठ व्हा, एक श्वास घ्या.

खाली येणं त्याहून महत्त्वाचं. नितंब मागे नेत, ३ ते ४ मोजत, खुर्ची लागेपर्यंत स्नायूंनी धरून खाली या. धपकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम फुकट घालवणं, आणि ठिसूळ मणक्यांना तो दणका सोसवतही नाही.

जमत नसेल तर बैठक उंच करा. घट्ट घड्या करून दोन-तीन चादरी घाला, हळूहळू एकेक काढत जा. हातांचा क्रम असा ठेवा : आधी दोन्ही हात बैठकीवर, मग मांड्यांवर, मग एकच हात, मग हात समोर लांब, आणि शेवटी छातीवर घडी. प्रत्येक टप्प्यावर पाच-पाच वेळांचे २ फेरे सलग तीन दिवस सहज जमले की पुढचा टप्पा. ज्या काकूंची खुर्ची सरकली होती त्यांना बैठकीवरून मांड्यांवर यायला सात आठवडे लागले. घाई केली असती तर भीती परत आली असती.

प्रगती मोजायची एक सोपी चाचणी आहे, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ती वयस्करांसाठी वापरात आणली आहे. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी हवं. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि महिलांना १२ यापेक्षा कमी जमलं तर ते सरासरीपेक्षा कमी समजतात. ६५ ते ६९ मध्ये हे आकडे १२ आणि ११, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०, तर ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. हात वापरावा लागला तर गुण शून्य धरतात. शून्य आलं तरी खट्टू होऊ नका, ती सुरुवातीची नोंद आहे. महिन्यातून एकदाच मोजा. रोज मोजलं की सरावाची शर्यत होते आणि गुडघे बोलायला लागतात.

सातवी पायरी : खुर्चीमागे उभं राहून तोल

आता खुर्ची फिरवा. बैठकीची पुढची कड भिंतीला लावा आणि खुर्चीच्या पाठीमागे उभे राहा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. दोन्ही हात पाठीवर. टाचा उचलून चवड्यांवर १० वेळा. एकेक पाय सरळ बाजूला उचलून ८ वेळा, धड न कलता. मग वृक्षासन : एका पायाची टाच दुसऱ्या घोट्यावर टेकवा, बोटं जमिनीवरच राहू द्या. तेवढंही पुरे. पाऊल गुडघ्याच्या सांध्यावर कधीच टेकवू नका.

शेवटी एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत उभे राहा. असं आधाराशिवाय १० सेकंद उभं राहता येत नसेल तर पडण्याची जोखीम जास्त धरतात. आधार कमी करण्याचाही क्रम आहे : पूर्ण पकड, मग फक्त तळवे, मग दोन-दोन बोटं, मग एकेक बोट, मग हात खुर्चीच्या वर बोटभर अंतरावर. डोळे मिटून तोल साधायचा प्रयोग घरी एकट्याने करू नका.

शेवट

पुन्हा बसा, पूर्ण मागे सरकून पाठ टेकवा, हात मांडीवर उताणे. दोन-तीन वेळा भ्रामरी : ओठ मिटून, दात किंचित विलग ठेवून भुंग्यासारखा गुंजारव. घशात आणि टाळूत कंपनं जाणवतात. मग ३ ते ५ मिनिटं काहीच नाही, डोळे मिटून शांत. उठण्याआधी पायांची बोटं हलवा, टाचा दहादा उचला, मग उभे राहा.

आठवड्याची मांडणी

पहिले दोन आठवडे फक्त पहिल्या पाच पायऱ्या, रोज १५ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड सहावी आणि सातवी जोडा, तेव्हा वेळ २५ ते ३० मिनिटांवर जाईल. मधल्या दिवशी पाय, कणा, श्वास एवढंच. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे अंबले तर ठीक. सांधा सुजला किंवा दुखणं दोन दिवसांपेक्षा लांबलं तर फेरे निम्मे करा. तापातून किंवा आजारातून उठल्यावर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका, दोन टप्पे मागे या.

घरच्यांसाठी

आई-बाबा, आजी-आजोबा उठायला लागले की आपण प्रेमाने धावतो आणि दोन्ही हात धरून ओढतो, किंवा काखेत हात घालून उचलतो. त्यामुळे त्यांचं वजन मागेच राहतं, खांद्याला हिसका बसतो आणि पायांना काम करायची वेळच येत नाही. त्याऐवजी त्यांच्या बाजूला, किंचित पुढे उभे राहा. "पाय मागे घ्या, पुढे झुका, नाक बोटांवर आणा," एवढं सांगा. तुमचा तळहात त्यांच्यापुढे आडवा, पाटीसारखा धरा. त्यांना हवं तर ते त्यावर दाबतील, तुम्ही धरायचं नाही. आणि मग पाच सेकंद थांबा. ते पाच सेकंद फार लांब वाटतात, हात पुढे जायला शिवशिवतात. तरी थांबा, त्यांना त्यांच्या पायांवर उठू द्या.